तारेखालचे बोट

सतार किंवा गिटार शिकायला घेतलेला माणूस दोन महिन्यांतच ते वाद्य भिंतीला टांगून ठेवतो, तेव्हा आपण म्हणतो, त्याला सूर साधला नाही. पुष्कळदा खरे कारण निराळे असते. त्याचे बोट दुखत असते. हे दुखणे किती दिवस टिकणार, ते चांगले की वाईट, त्यावर काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. घरची मंडळी शिकवणीचे पैसे भरतात, गुरुजी पलटे देतात, पण बोटाच्या शेंड्यावरच्या अर्ध्या इंच कातडीची चौकशी कोणी करीत नाही. त्या अर्ध्या इंचाविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मी गवई नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. माझे दिवस यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटनेत गेले. आमच्या कामात माणसाच्या तोंडाइतकाच त्याचा हात पाहावा लागतो. सकाळी सात रस्त्यावर कामाला निघालेली माणसे पाहिली, तर नुसत्या हातावरून पुष्कळ ओळखता येते. तुटलेले धागे सांधणाऱ्याची दोन बोटे गुळगुळीत झालेली असतात, विडी वळणाऱ्या बाईची बोटे पानाने आणि तंबाखूने कोरडी पडलेली असतात, गवंड्याचा तळवा सिमेंटने खाल्लेला असतो. यंत्राला तेल द्यावे लागते हे मालकाला ठाऊक असते; हाताच्या कातडीलाही काही द्यावे लागते हे कामगाराला स्वतःलाही ठाऊक नसते. हाच प्रकार मी हौशी वादकांत पाहिला आणि मग वाद्ये वाजवणाऱ्यांना, वाद्ये दुरुस्त करणाऱ्यांना व डॉक्टरांना विचारीत गेलो. काही ग्रंथांतून समजून घेतले. त्याचे सार पुढे देतो.

बोटाची कातडी कशी असते

तळहात आणि तळपाय यांची कातडी अंगावरच्या बाकी कातडीहून वेगळी आहे. ती जाड असते, तिच्यावर केस उगवत नाहीत, आणि तिच्यात तेल पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र तेथे दाटीने असतात. कपाळाला निसर्गाने जे तेल दिले, ते बोटाच्या पेराला दिले नाही. म्हणून सोलापूरच्या कोरड्या हवेत, मग तो उन्हाळा असो की पौष-माघातली थंडी असो, बोटांची टोके लवकर सुकतात आणि भेगाळतात. भेगाळलेले बोट घेऊन कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाल्लेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

या कातडीच्या तळाशी जिवंत पेशींचा एक थर असतो. त्या पेशी सतत दुभागतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता पेशी चपट्या होतात, केरॅटिन नावाच्या द्रव्याने भरतात आणि मरतात. नख, केस, जनावराचे शिंग ही याच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात. अगदी वर आल्यावर या मेलेल्या पेशींचे पापुद्रे झडून जातात. तळापासून वरपर्यंतच्या या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. तळव्याच्या जाड कातडीत थोडे अधिकच. वरचा थर भिंतीसारखा समजावा. मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध अंश हा चुना. चुना सुकला की भिंत तडकते.

या भिंतीच्या खाली स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोके आहेत, आणि बोटाच्या शेंड्यात ती जितकी दाट असतात तितकी शरीराच्या फार थोड्या भागांत असतात. तारेचा कंप, पडद्याची धार, तार किती ओढली गेली याचा अंदाज, हे सारे बोट त्यांच्यामार्फत जाणते. वादकाला म्हणूनच दोन गोष्टी एकदम हव्या असतात. कातडी तार सोसण्याइतकी टणक हवी, आणि तार कळण्याइतकी पातळ व मऊ हवी. या दोहोंचा मेळ घालणे हीच बोटाची सारी निगा होय.

घट्टा, फोड आणि भेग

एकाच जागी वरचेवर दाब आणि घर्षण झाले की तळाच्या पेशी घाईने वाढू लागतात आणि वरचे पापुद्रे झडण्याऐवजी साचतात. हा घट्टा. तो रोग नव्हे, कातडीने आपणहून केलेली तजवीज आहे. हाताला घट्टे पडेपर्यंत काम करणाऱ्याला आपल्या बोलण्यात मान असतो, तो योग्यच आहे.

परंतु तेच घर्षण एकदम आणि फार झाले, तर साचायला वेळच मिळत नाही. कातडीचे थर एकमेकांवरून सरकून सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरते. हा फोड. घट्टा आणि फोड यांचे कारण एकच आहे. फरक केवळ वेगाचा आहे. जो उत्साही विद्यार्थी पहिल्याच रविवारी तीन तास सतार घेऊन बसतो, त्याला वाटते की आपण बोट लवकर तयार करीत आहोत. प्रत्यक्षात फोड येतो, तो फुटतो, आणि त्याखाली कोवळी कातडी उघडी पडते. आठ दिवस वाद्य बंद राहते आणि मग श्रीगणेशा पुन्हा करावा लागतो.

तिसरा प्रकार भेगेचा. घट्टा फार जाड आणि कोरडा झाला की तो वाकत नाही. बोट तर पेराशी सारखे वाकत असते. मग घट्टा कडेला चिरतो आणि ती चीर जिवंत कातडीपर्यंत जाते. नव्या शिकाऊला फोड त्रास देतो. जुन्या वादकाला भेग त्रास देते. दोघांचे उपाय वेगळे आहेत हे लक्षात ठेवावे.

कोणत्या वाद्याचा भार कोठे पडतो

तंबोऱ्यापासून आरंभ करू, कारण त्याला सोपे वाद्य समजतात. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. तार ओरबाडायची नसते. बोटाच्या कडेचा मांसल भाग तारेवरून हळूच निसटू द्यायचा असतो. गवयामागे तास दोन तास बसणाऱ्या नव्या विद्यार्थ्याच्या तर्जनीला फोड येतो, तो बहुधा जोर लावल्यामुळे. उलट, कडक घट्टा झालेले बोट तारेवर पडले की प्रत्येक स्वराआधी टक् असा आवाज येतो. म्हणून तंबोरा धरणाऱ्याने बोट मऊ ठेवावे. त्याला घट्ट्याची गरज सर्वांत कमी.

आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरामुळे वारकऱ्यांची वीणा आपल्याला परिचयाची आहे. अखंड हरिनाम सप्ताहात ती वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नाही असा दंडक असतो. पण सात दिवस एकच माणूस ती धरीत नाही. पहारे लावलेले असतात. आपला पहारा संपला की विणेकरी ती पुढच्याच्या गळ्यात देतो. वीणा अखंड वाजावी, पण बोट अखंड झिजू नये, अशी ही व्यवस्था आहे. कारखान्यांत पाळ्या लावून घेण्यासाठी आम्हाला झगडावे लागले. वारकऱ्यांनी ती गोष्ट नुसत्या समजुतीने केली आहे. एकट्याने रियाज करणाऱ्याने हा पहाऱ्याचा नियम स्वतःच्या बोटाला लावावा.

सतारीचा भार सर्वांत कठीण. बाजाची तार पोलादाची, जाडीने मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ती डाव्या हाताच्या तर्जनीने व मधल्या बोटाने पडद्यावर दाबायची, आणि मींड घेताना दाबूनच बाजूला ओढायची. मींड चार-पाच स्वरांपर्यंत जाते. म्हणजे दाब, घर्षण आणि आडवा ताण हे तिन्ही एकाच रेषेवर येतात. मुरलेल्या सतारियाच्या तर्जनीवर म्हणून एक काळपट खाच दिसते. ती खाच असण्यात गैर काही नाही. तार तिच्यात बसते व मींड स्थिर राहते. तिच्या कडा उंच आणि कोरड्या झाल्या की मात्र त्या तारेत अडकतात, उचकटतात आणि चिरतात. पुष्कळ सतारिये शेजारी एका झाकणात खोबरेल तेलात भिजवलेला कापूस ठेवतात आणि मधूनमधून बोट त्याला लावतात. बोट तारेवरून सरकावे हा त्याचा हेतू. खोबरेल तेल थंडीत थिजते, तेव्हा ते तळहाताच्या उबेने पातळ करून घ्यावे.

उजव्या हाताच्या तर्जनीत सतारिया तारेची नखी घालतो, तिला मिजराब म्हणतात. ती सैल असली तर फिरते, घट्ट असली तर रक्त अडवते. बोट बधिर होत असेल किंवा काढल्यावर वळ फार वेळ राहत असेल, तर नखी किंचित उसवून घ्यावी. ‘सवयीने बसेल’ असे म्हणून सोसत राहू नये.

दक्षिणेकडच्या सरस्वती वीणेत डाव्या हाताची दोन बोटे जोडीने तार दाबतात व ओढतात. तिच्या वादकांच्या दोन्ही बोटांवर खाचा असतात. सरोदाला पडदेच नाहीत, धातूची गुळगुळीत पट्टी आहे. बहुतेक सरोदिये डाव्या हाताच्या नखांच्या कडेने तार दाबतात. त्यामुळे त्यांची काळजी कातडीपेक्षा नखाची. नखाला खाच पडली की स्वर फाटतो, म्हणून ते नख कापीत नाहीत, बारीक कानशीने घासून सारखे करतात.

गिटारीत डाव्या हाताची चार बोटे कामाला लागतात, त्यामुळे भार वाटला जातो, पण करंगळी बिचारी दुबळी असते. नायलॉनच्या तारांची गिटार बोटाला सौम्य, पोलादी तारांची कठोर. ज्याला प्रथमच शिकायचे आहे आणि ज्याची कातडी नाजूक आहे, त्याने नायलॉनने आरंभ करण्यात कमीपणा नाही. गिटारीच्या उजव्या हाताबद्दल स्पेनमध्ये मोठा वाद झाला. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) या थोर वादकाने उतारवयात नखे काढून नुसत्या मांसल बोटाने वाजवणे पत्करले. त्याच्या नंतरच्या पिढीतल्या आंद्रेस सेगोव्हियाने (१८९३–१९८७) नख आणि मांस दोन्ही वापरून जगभर सभागृहे भरवली. वाद सुटला नाही, आणि तो सुटण्याचे कारणही नाही. नख पातळ व ठिसूळ असणाऱ्याने दुसऱ्याच्या नखाचा हट्ट धरू नये, एवढाच त्यातला आपल्यापुरता बोध.

आधी वाद्य तपासावे

बोट दुखते म्हणून मलम आणणाऱ्यांना मी प्रथम विचारतो, वाद्य कोणाला दाखवले होते का? घोडी उंच असली किंवा दांडी वाकली असली की तार पडद्यांपासून फार वर राहते. मग प्रत्येक स्वराला दुप्पट जोर लागतो आणि तो सारा कातडीवर येतो. जुन्या वाद्याच्या पडद्यांना तारेने खड्डे पडलेले असतात. तेथे तार अडखळते आणि बोट खरचटते. तारेला गंज चढला की ती कानशीसारखी होते. हाताच्या घामाने पोलादी तार लवकर गंजते, म्हणून वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसावी. ज्या गावाने घरोघर चादरी आणि टॉवेल पोचवले, त्या गावात फडक्याची वाण पडू नये.

या बाबतीत आपण भाग्यवान आहो. सतार आणि तंबोरा बनवणारे मिरज आपल्यापासून एका दिवसाच्या जाण्यायेण्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये बनवायला आरंभ केला, आणि ती कारागिरी पिढ्यान्पिढ्या चालत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतले. तंबोऱ्याची जवारी उघडण्यासाठी घोडीवर तारेखाली सरकवतात तो दोराही सुताचाच. चांगला कारागीर घोडी घासतो तेव्हा केवळ आवाजाचा विचार करीत नाही, तार किती वर राहील याचाही करतो. त्याच्याकडे वाद्य नेताना नुसते ‘आवाज बघा’ म्हणू नये. ‘माझे बोट येथे दुखते’ असे म्हणून बोट पुढे करावे. तो बोट पाहूनही वाद्याचा दोष सांगू शकतो.

पहिला महिना

कातडीला नवा थर वर आणायला सुमारे चार आठवडे लागतात हे वर सांगितले. तेवढा धीर पहिल्या महिन्यात धरावा. आरंभीचे पंधरा दिवस एका बैठकीत दहा ते पंधरा मिनिटेच तार दाबावी. अशा दोन-तीन बैठका दिवसभरात विभागून कराव्यात. आठवड्यातून एकदाच दोन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे कातडीला मानवते. बोट गरम होऊन हुळहुळू लागले की थांबावे. ती फोडाची आगाऊ सूचना असते. उरलेला वेळ उजव्या हाताचे बोल, तालाचे मात्रे आणि गाण्याने स्वर ओळखणे यांत घालवावा. म्हणजे रियाज बुडत नाही आणि बोटही बुडत नाही.

नवे शिकणारे गरजेपेक्षा फार जोरात तार दाबतात. स्वर स्पष्ट वाजू लागेल इतकाच दाब पुरे. बोट पडद्याच्या अगदी जवळ, किंचित मागे ठेवले की कमी दाबात काम होते. कमी दाब लावणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकली की निम्मे दुखणे आपोआप जाते.

आंघोळ, भांडी किंवा कपडे धुणे झाल्यावर लगेच वाद्य घेऊ नये. पाण्यात भिजलेली वरची भिंत फुगून मऊ होते आणि तार तिच्यात चटकन शिरते. अर्धा तास जाऊ द्यावा. भांड्यांचे काम करणाऱ्या स्त्रियांनी वाद्याची वेळ कामाच्या आधीची ठेवावी. घरातल्या पुरुषांनी भांडी घासली तरीही हा प्रश्न सुटतो, हे मी आमच्या सभांत सांगतो आणि बायका टाळ्या वाजवतात.

चार-सहा आठवड्यांची सुट्टी पडली, तर जुना घट्टा झडून गेलेला असतो. परत सुरुवात करताना पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून करावी.

रोजची निगा

वाजवण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. वाजवून झाल्यावर पुन्हा धुवावेत, म्हणजे तारेचा काळेपणा व गंज निघून जातो. रात्री निजताना बोटांच्या शेंड्यांना थोडे खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळावी. ओलसर बोटावर ती लावली तर अधिक उपयोग होतो, कारण स्निग्ध द्रव्य आतले पाणी अडवून धरते. ज्याच्या कातडीत तेल नाही, त्याला बाहेरून तेल द्यावयाचे, एवढाच यातला हिशेब. घट्टा फार कडक झाला असेल तर युरिया असलेले मलम औषधाच्या दुकानात मिळते. त्याने वरचा थर मऊ पडतो. मात्र उघड्या भेगेवर ते झोंबते.

सतारीसाठी वाजवताना तेल चालते. गिटारीच्या गुंडाळीच्या तारांवर मात्र तेल व मळ वेटोळ्यांत शिरून आवाज मंद करतात. म्हणून गिटारवाल्याने तेल रात्रीच लावावे आणि सकाळी हात धुऊनच वाद्याला शिवावे.

घट्ट्याच्या कडा उंच झाल्या, तर आठवड्यातून एकदा, बोट कोरडे असताना, अगदी बारीक पॉलिश कागदाने किंवा नखाच्या कानशीने दोन-चार वेळा हलकेच घासावे. उंचवटा सपाट व्हावा एवढेच. घट्टा काढून टाकायचा नाही.

काय करू नये

पाते घेऊन घट्टा कापू नये. पाते कोठे थांबावे हे हाताला कळत नाही. दाताने पापुद्रे ओढू नयेत. ओढलेला पापुद्रा जिवंत कातडी बरोबर घेऊन जातो.

बोट लवकर कडक व्हावे म्हणून तुरटी, मीठ, लिंबू, स्पिरिट यांत बोट बुडवण्याचे सल्ले मिळतात. स्पिरिटाने आणि तुरटीने कातडी सुकते, म्हणून क्षणभर कडक वाटते. पण सुकलेली कातडी तडकते. आपल्याला सुकी कातडी नको, साचलेली आणि लवचीक कातडी हवी.

फोड आला तर तो मुद्दाम फोडू नये. त्याचे छत हीच सर्वांत चांगली पट्टी असते. आपोआप फुटला तर साबणपाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी, आणि कोवळी कातडी बंद होईपर्यंत त्या बोटाने तार दाबू नये. कार्यक्रम तोंडावर आला म्हणून भेगेत झटपट चिकटणारा डिंक भरून वाजवणारे वादक आहेत. घरगुती वापराचा तो डिंक उघड्या जखमेसाठी केलेला नसतो. त्याने कातडी चिडते आणि आत घाण कोंडली तर पू होतो. भेगेला स्निग्ध मलम, पट्टी आणि दोन दिवस विश्रांती हाच उपाय.

डॉक्टरकडे केव्हा जावे

पुढील गोष्टींना घरगुती उपाय करीत बसू नये. बोट ठणकते, लाल व गरम होते, नखाच्या कडेला पू दिसतो, किंवा लाल रेघ हाताकडे चढू लागते, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तुटलेली तार बोटात खोल घुसली, तर धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. लोक गंजाला दोष देतात. धनुर्वाताचे जंतू मातीत व धुळीत असतात, आणि खोल, अरुंद जखम त्यांना सोयीची पडते.

बोटांना केवळ तारेच्या जागी नव्हे, तर सगळीकडे खाज व पुरळ येऊन कातडी सुटत असेल, तर तारेतल्या धातूची बाधा असू शकते. निकेलची अशी बाधा पुष्कळांना होते आणि काही गिटारींच्या तारांवर व पडद्यांत निकेल असते. तारा बदलून पाहाव्यात व त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

बोट बधिर होणे, रात्री मुंग्या येणे, थंडीत बोटे पांढरीफटक पडणे, ही घट्ट्याची लक्षणे नव्हेत. तो मज्जातंतूंचा किंवा रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो.

मधुमेह्यांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण निवृत्तीनंतर हौसेने वाद्य घेणाऱ्यांत ते पुष्कळ असतात. जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते आणि जखम उशिरा भरते. ‘मला काही दुखत नाही’ याचा अर्थ बोट तयार झाले असा त्यांनी घेऊ नये. दुखणे हा पहारेकरी आहे; तो झोपला असेल, तर आपण डोळ्यांनी पहारा द्यावा. वाजवून झाल्यावर रोज उजेडात बोटे पाहावीत. एवढी खबरदारी घेतली तर वाद्य सोडण्याचे कारण नाही.

यंत्राखालचे बोट

कातडीचा विचार करताना मला बर्मिंगहॅमच्या एका कामगाराची हकीकत नेहमी आठवते. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि डावखुरी गिटार वाजवीत असे. १९६५ च्या सुमारास, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, गैरहजर माणसाच्या जागी त्याला दाबयंत्रावर बसवले. यंत्र खाली आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले. त्याच हाताने तो तारा दाबीत असे. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर कीर्ती मिळवली होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांना जुन्या कातडी कोटाचा तुकडा चिकटवला, हलक्या तारा लावल्या आणि वाजवू लागला. पुढे १९६८ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मेळ्याचे नाव जगभर झाले.

लोक ही हकीकत जिद्दीची म्हणून सांगतात. ती जिद्दीची आहेच. पण संघटनेच्या माणसाला तिच्यात दुसरीही गोष्ट दिसते. ज्याला यंत्राची माहिती नाही अशा पोराला बदलीवर यंत्रापुढे बसवले, हा तो अपघात. टोपी करून कातडीची जागा भरता आली. स्पर्शाची भरता आली नाही. टोपीखालून तार जाणवत नाही, हे त्याने स्वतःच पुष्कळदा सांगितले आहे.

आपल्या गावात असे कितीतरी हात आहेत, की ज्यांची कातडी वाद्यावर येण्याआधीच कामावर झिजलेली असते. विडी कामगाराला मजुरी हजार विड्यांवर मिळते. बोट भेगाळले की हजाराचा आकडा खाली येतो, आणि बोट झिजले म्हणून कोणी दर वाढवीत नाही. रेखा इतक्या झिजतात की रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही. अशांनी ध्यानात ठेवावे की आधारमध्ये दहाही बोटांची आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते; एक अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू देऊ नये, दुसऱ्या बोटाचा किंवा अन्य मार्गाचा आग्रह धरावा.

हेच कामगार संध्याकाळी भजनाला बसतात, वीणा गळ्यात घेतात. त्यांची मुले गिटार मागतात. त्यांच्यासाठी शेवटचे सांगणे असे. कामावरून आल्यावर हात साबणाने धुवावेत, म्हणजे तंबाखूची, सिमेंटची, वंगणाची घाण भेगेत राहत नाही. रॉकेल किंवा थिनरने हात धुऊ नयेत. त्याने उरलासुरला स्निग्ध अंशही जातो. जेवण होईपर्यंत हात सुकू द्यावेत आणि मग वाद्य घ्यावे. निजताना तेल लावावे. आणि शिकवणाऱ्या गुरुजनांना विनंती, की नव्या विद्यार्थ्याला पहिला सा देण्याआधी त्याचा हात उलटा करून पाहावा, तो काय काम करतो हे विचारावे, आणि त्याच्या बोटाला सोसेल तेवढाच पाठ द्यावा. महिनाभराने पुन्हा हात पाहावा व पाठ वाढवावा.